पोचायचं उजेडात

"रात्रीच कशाला निघायचं गो? दिवस काय संपले होते?" म्हणताय ना माई, अगदी हेच मी लेकीला विचारलं. म्हटलं, दोन बेटांच्या मधला समुद्र, कळती माणसं दिवसाउजेडी पार करतात. तर ती हसली आणि म्हणाली, आई, निघायला उजेड कशाला हवा? उजेड पोचायला हवा.

आता हिशोब बघा. ग्रेनेडाच्या दक्षिण टोकाला प्रिकली बे म्हणून खाडी आहे, तिथे लेक-जावयाची बोट नांगरलेली. तिथून त्रिनिदाद 80 सागरी मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर धरा. आपल्या रत्नागिरीहून कुडाळ. एसटीने चार-साडेचार तास. पण शिडाची बोट तासाला साडेपाच-सहा मैल जाते, तेही वाऱ्याच्या मनात असेल तर. म्हणजे चौदा तास. तिकडे मे अखेरीला उजेड असतो जेमतेम तेरा तास. म्हणजे एक टोक अंधारात जाणारच. मग कुठलं जाऊ द्यायचं? निघतानाची जागा ओळखीची, पोचायची अनोळखी. म्हणून संध्याकाळी पाचला नांगर उचलायचा, सकाळी सातला डोंगर समोर. सगळी रात्र ही त्या सातच्या ठोक्यावरून उलटी मोजलेली. जास्त जोरात गेलं आणि पहाटे चारला पोचायची वेळ आली, तर शिडं आखूड करून वेग कमी करतात! ऐकलंय कधी, लवकर पोचायला नको म्हणून हळू जाणारी माणसं?

काय म्हणालात? तुमचे सासरेसुद्धा मंगळूरची कौलं घेऊन येताना रात्री खाडीच्या तोंडात शिरत नसत? बाहेरच थांबून तांबडं फुटायची वाट बघत? बघा, म्हणजे मी इतका पैसा खर्चून जगाच्या त्या टोकाला जाऊन जे शिकले, ते तुम्हाला घरबसल्या माहीत. लेक म्हणते तेच आहे ते. खोल समुद्राचं भय नसतं, भय असतं जमिनीचं.

आणि जायचं तरी का, तेही विचाराल. आपल्याकडे 1 जूनला मासेमारी बंद होते की नाही, होड्या वर ओढून शाकारतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्याचं नाव काढत नाही. तिकडेही तीच तारीख. 1 जून ते 30 नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. त्रिनिदाद विषुववृत्ताच्या जास्त जवळ, साडेदहा अंशांवर, तिथवर वादळं फारशी उतरत नाहीत. म्हणून तिथे शागवारामास नावाच्या गावात क्रेनने बोटी उचलून जमिनीवर टेकू देऊन उभ्या करतात. ओळीच्या ओळी. ग्रेनेडालाही बरेचजण थांबतात, पण 2004 साली आयव्हन वादळाने तिथे काय केलं हे अजून सांगतात लोक. बोटी एकमेकींवर आडव्या, घरांची छपरं गेली, जायफळाची झाडं मुळासकट. जायफळ म्हणजे त्यांच्या झेंड्यावरचं फळ हो! आपल्याकडे नारळ पडल्यावर कसं होतं, तसं झालं असेल त्यांचं. जायफळाला धरायला वर्षं लागतात.

आणि मग 2024 चं हे बेरिल वादळ. रोहित शर्माची टीम वर्ल्ड कप घेऊन बार्बाडोसला अडकली होती ना, तुमचा नातू इथे रडकुंडीला आला होता, तेच ते. तेच बेरिल 1 जुलैला ग्रेनेडाच्या धाकट्या बेटावर, कॅरियाकूवर, आदळलं. तिथे खारफुटीत बोटी बांधून ठेवायची जुनी रीत आहे, सुरक्षित जागा म्हणून. तिथल्यासुद्धा बोटींचा चुराडा झाला. आपली टीम 4 तारखेला मरीन ड्राइव्हवर मिरवत होती, तेव्हा मी इथे टीव्हीसमोर बसून लेकीचा फोन लागतो का बघत होते. लागला. ती शागवारामासला, बोट टेकूवर, जावई बोटीच्या बुडाला रंग लावतोय. म्हटलं, लाव बाबा.

हो, जावई डच. तुम्हाला ठाऊक आहे, मग परत परत काय विचारता? उंच आहे, साडेसहा फूट असेल, बोटीत वाकून वाकून चालतो. मला 'आई' म्हणतो. आणि कप्तान तो नाही. कप्तान आमची लेक. बोटीच्या कागदांवरसुद्धा तिचंच नाव आहे. त्याला म्हणे यंत्रं आणि शिडं दुरुस्त करण्यात गोडी, हिला वाटा काढण्यात. तोंड वाकडं करू नका माई. आपल्या नौदलाच्या सहा बायका 2017-18 ला तारिणी नावाच्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारून आल्या, ती बोट गोव्यात बांधलेली. त्याच्या आधी 2009-10 ला दिलीप दोंदे एकटे 'म्हादेई'वरून फेरी मारून आले, तीही गोव्याचीच. एकट्याने फेरी मारणारे ते पहिले भारतीय. मग माझ्या लेकीने एका रात्रीचं गाव गाठलं तर काय आकाश कोसळलं?

निघायच्या आदल्या दिवशीची मजा तर सांगायचीच राहिली. तिकडे गडगा नाही, कुंपण नाही, बोटी पाण्यावर दूर दूर नांगरलेल्या. तर गप्पा मारायच्या कशा? वायरलेसवर! रोज सकाळी ठरलेल्या वेळी सगळे व्हीएचएफ रेडिओ लावून बसतात. एकजण सूत्रसंचालन करतो. हवामान काय, बाजाराची बस कधी, कोणाकडे जुना पंप विकायला आहे, कोणाच्या मांजराला डॉक्टर हवा. मग कोणाला खासगी बोलायचं असेल तर म्हणतात, चला दुसऱ्या चॅनलवर. आणि सगळी खाडी गुपचूप त्यांच्यामागे त्या चॅनलवर जाते! मी स्वतः ऐकलं. लेक म्हणाली, आई, ऐकायचं नसतं. आणि स्वतः आवाज वाढवला.

त्या सकाळी ठरलं की चार बोटी सोबतीने जायच्या. कारण? सांगते, पण तुमच्या सुनेला सांगू नका, ती आमच्या मुलाला सांगेल. 2015 साली त्याच पट्ट्यात शिडाच्या बोटींवर चढून लुटायचे प्रकार झाले. व्हेनेझुएला तिथून फार लांब नाही. तेव्हापासून लोक त्रिनिदादच्या कोस्ट गार्डला आधी कळवतात, बोटीचं नाव काय, माणसं किती, कुठून कधी निघणार, कुठे कधी पोचणार. आणि सोबत बघतात. त्यात एक वाद रंगला. दिवे लावून जायचं की मालवून? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मालवून, म्हणजे चोराला दिसणार नाही. आमची लेक म्हणाली, मी दिवे लावूनच जाणार, नियम तोच आहे, आणि चोर भेटेल न भेटेल, पण अंधारात मोठं जहाज अंगावर आलं तर त्याला कळणारसुद्धा नाही आपण खाली गेलो ते. मला तिचं पटलं. चोर लुटून जीव सोडेल तरी.

स्वयंपाक मी केला, दुपारीच. गोडा मसाला नेला होता, कुकरभर मसालेभात. तिकडच्या बऱ्याच बोटींवर प्रेशर कुकर असतो, हे ठाऊक आहे का? गॅस वाचतो हे झालंच, शिवाय झाकण घट्ट बसतं. बोट उलटीपालटी झाली तरी भात भांड्यात. शेगडीसुद्धा दोन खुंट्यांवर झुलती टांगलेली, बोट कलली की शेगडी आपली सपाटच राहते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं शेगडी तिरकी होतेय. नंतर लक्षात आलं, तिरके आपण असतो. आणि आलेपाक नेला होता इथून, तो दोन्ही बोटींच्या उपयोगी पडला. शेजारच्या बोटीवरच्या कॅनडाच्या बाई उलट्यांनी बेजार, त्यांना निघायच्या आधी चार वड्या दिल्या. आल्याने मळमळ थांबते हे त्यांनाही माहीत होतं, पण त्यांच्याकडे आपली बिस्किटं होती आल्याची. बिस्किटं कुठे आणि आलेपाक कुठे.

पाचला निघालो. खाडीच्या बाहेर पडल्यावर वारा डावीकडून, पूर्वेचा. तो तिकडे बारा महिने पूर्वेचाच असतो. शिडं भरली, बोट उजवीकडे कलली ती सकाळपर्यंत तशीच. अंधार पडायच्या आधी मोठं शीड थोडं गुंडाळून आखूड केलं. म्हटलं वारा तर बरा आहे. म्हणे, रात्री वाढला तर काळोखात पुढे जाऊन दोऱ्या ओढायला लागू नयेत म्हणून आताच. मग मला जॅकेट चढवलं, छातीवर पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीची कडी बोटीला. पाळीव गाय! आणि नियम काय, की एकटं माणूस पाळीवर असताना बसायच्या जागेतून बाहेर पाऊल टाकायचं नाही. काहीही झालं, शिडाची दोरी तुटली तरी, आधी खालच्याला उठवायचं. आमची लेक हा नियम नवऱ्याला अशा आवाजात सांगत होती की मला माझ्या सासूबाई आठवल्या.

पाळ्या तीन-तीन तासांच्या. सात ते दहा तो, दहा ते एक ही, एक ते चार तो, चारनंतर ही. म्हणजे नवरा जागा तेव्हा बायको झोपलेली, बायको जागी तेव्हा नवरा. भेट फक्त पाळी बदलताना, पाच मिनिटं, तीही कामाच्या गोष्टींची. तिकडे एक दिवा दिसतोय, वारा इतका, चहा थर्मासमध्ये आहे. मी मनात म्हटलं, यांचा संसार इतका बरा चाललाय तो उगाच नाही.

पाळणा? माई, त्या बोटीत झोपायला तीन बाकं आहेत, पाळणा कुठे टांगायचा? मी विचारलं नाही. तुम्हीच विचारा, व्हिडिओ कॉल लावून देते.

मला उजवीकडचं बाक दिलं होतं, कललेल्या बाजूचं, म्हणजे घरंगळायला जागाच नाही, बोटीच्या भिंतीला टेकून झोपायचं. झोप कुठली. पाण्याचा आवाज इतका जवळून, मधे बोटभर जाडीचा पत्रासुद्धा नाही, नुसतं फायबर. आणि संडास डावीकडे, म्हणजे चढावर! बसलं की समोरच्या दारावर डोकं. आणि ते पाणी ओतायचं नसतं, हँडल मारायचं. आधी समुद्राचं पाणी आत घ्यायचं, मग बाहेर ढकलायचं, दहा-पंधरा वेळा. एका हाताने हँडल, एका हाताने जीव. शेवटी ठरवलं, चहा नको.

दहाला लेकीबरोबर वर जाऊन बसले. संकष्टी होऊन दोन दिवस झालेले, तुम्हाला चंद्रोदयाचा अंदाज असेलच, अकरा वाजून गेल्याशिवाय चंद्र नाही. तोवर मिट्ट काळोख, आणि आभाळ असं की मी इथे गच्चीवर कधी बघितलं नाही. खाली दिवा लावायचा तर लाल, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की अर्धा तास काळोखात काही दिसत नाही. आणि बघा, ध्रुवतारा! आपल्याकडे तो क्षितिजापासून सतरा अंश वर असतो, तिकडे बाराच. बेट जितक्या अंशांवर, ध्रुव तितकाच वर. लेक म्हणाली, सकाळपर्यंत आणखी एक अंश खाली जाईल. आणि समोर दक्षिणेला त्रिशंकू, आपल्याकडे माडांच्या आड लपतो तो, तिथे ताठ उभा. मागे बोटीच्या वाटेवर पाणी निळं चमकत होतं, पावसाळा संपता संपता आपल्या खाडीत कधी चमकतं तसंच. माझी वाचा बंद झाली होती हो. लेक म्हणाली, आई बरं वाटत नाही का?

मग एक जहाज आलं. त्याची गंमत अशी, की रात्री जहाज दिसत नाही, दिवे दिसतात. उजव्या अंगाला हिरवा, डाव्याला लाल, वर दोन पांढरे, पुढचा बुटका मागचा उंच. नुसता लाल दिसला तर ते आपल्यासमोरून एका बाजूला चाललंय. लाल-हिरवा दोन्ही दिसले तर ते थेट आपल्याकडे येतंय. आम्हाला दोन्ही दिसले. त्रिनिदादहून गॅस भरून निघालेलं टँकर, पावणेतीनशे मीटर लांबीचं. आता नियमाने शिडाच्या बोटीला मोठ्याने वाट द्यायची असते. पण लेक म्हणाली, त्याला वळायला वेळ लागणार, आणि आपण बरोबर होतो हे पाण्याखालून सांगायचं कोणाला? स्क्रीनवर त्याचं नाव, वेग, किती जवळून जाणार, सगळं येतं. तिने नावाने हाक मारली रेडिओवर, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं मी शिडाची बोट आहे, तुमच्या मागून जाते. तिकडून एक पुरुषी आवाज आला, "थँक यू, मॅडम, हॅव अ सेफ वॉच." आवाज आपल्याकडचा वाटला, माई. मल्याळी असावा. जगातल्या कुठल्या जहाजावर आपलं माणूस नाही?

प्रवाहाचं तुम्हाला सांगायलाच हवं, तुमच्या घरात कळेल ते. तिथे समुद्र स्वतःच पश्चिमेला वाहतो, तासाला मैल-दीड मैल. चौदा तासांत वीसेक मैल. म्हणजे नाक सरळ त्रिनिदादकडे ठेवलं तर सकाळी व्हेनेझुएलाचा किनारा. म्हणून बोटीचं तोंड सारखं डावीकडे, जिथे जायचं नाही तिकडे, आणि बोट मात्र बरोबर जायच्या जागी. मध्यरात्रीनंतर पुढे आभाळ पिवळं दिसायला लागलं. मला वाटलं गाव आलं. तर तो समुद्रातला गॅसचा कारखाना, हिबिस्कस नाव त्याचं, खांबांवर उभा, दिव्यांनी असा लखलखता की गणपतीतला मंडप. सगळ्या बोटी त्याला खूण म्हणून धरतात, आणि तिथेच जास्त सावध राहतात, कारण लुटीच्या गोष्टी त्याच भागातल्या. चारही बोटी जवळ आल्या.

आणि इथेच ते झालं. आता कान इकडे करा. रेडिओचं बटण दाबून धरलं की आपलं बोलणं सगळ्यांना जातं, आणि ते बटण अडकलं तर जातच राहतं, मधे दुसऱ्या कोणाला बोलताच येत नाही. त्या कॅनडाच्या बोटीवर कोणीतरी त्या बटणावर बसलं! आणि नवरा-बायकोचं चाललेलं. बाई म्हणतायत, तू मला सांगितलं होतंस दोन वर्षं, सहा वर्षं झाली, माझी नातवंडं मोठी झाली, मी या डबड्यात. नवरा म्हणतोय, तूच तर पडदे शिवलेस, खूश होतीस. बाई म्हणतात, पडदे शिवले म्हणजे काय मरेपर्यंत राहीन म्हणाले का? मग आलेपाकावर गाडी आली. भारतीय बाईने ती वडी दिली, तेवढ्या एका गोष्टीने आज मला बरं वाटलं, तुझ्या गोळ्यांनी नाही! तीन बोटी ऐकतायत. सांगायचं कसं? रेडिओवर बोलता येत नाही. शेवटी जावयाने मोठी बॅटरी घेऊन त्यांच्या शिडावर उजेड मारला, दोनदा, तीनदा. आवाज एकदम थांबला. मग बऱ्याच वेळाने त्या गृहस्थांचा आवाज, अगदी कोरडा: सगळं ठीक आहे ना? आमच्या लेकीने तितक्याच कोरडेपणाने सांगितलं, सगळं ठीक. चार बोटींत कोणी हूं की चूं केलं नाही. सकाळी धक्क्यावर बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, मला ती कृती लिहून द्याल का? दिली. घर विकत घेणार म्हणाल्या, जमिनीवर. त्यांची बोट विकाऊ आहे, तुमच्या नातवाला हवी असेल तर बघा.

पहाटे डोंगर दिसले, निळे, धुरकट. त्यात एक फट, तीच वाट, दोन कड्यांच्या मधून. त्या भागातल्या सगळ्या वाटांना मिळून ड्रॅगनचं तोंड म्हणतात, 1498 ला कोलंबस तिथून बाहेर पडला त्याने दिलेलं नाव. पाणी तिथे हिरवट गढूळ, कारण पलीकडे ओरिनोको नदी सगळा गाळ घेऊन येते. आपली खाडी आषाढात. भोवरे असे फिरत होते की लेकीने शिडं उतरवली, इंजिन लावलं, आणि पंधरा-वीस मिनिटं कोणी बोललं नाही. रात्री इथे शिरलो असतो तर? मी विचारलं नाही, पण रात्रभराचा हिशोब कशासाठी होता ते दिसत होतं.

पोचल्यावर पिवळा झेंडा लावायचा आणि आधी सरकारी धक्क्याला. कप्तानाखेरीज कोणी उतरायचं नाही. साहेबांनी जावयाकडे बघून कागद मागितले. जावयाने लेकीकडे बोट दाखवलं. साहेबांनी पुन्हा जावयाकडे बघितलं. मग फॉर्म, मग आणखी फॉर्म. लेकीचं आडनाव वाचून म्हणाले, तुमची माणसं कुठली? त्यांच्या आजोबांचे आजोबा बिहारकडचे, बोटीने आलेले. दुसऱ्या दिवशी 30 मे, तिकडे सुट्टी असते, आगमन दिन. 1845 ला त्याच दिवशी फातेल रझाक नावाचं शिडाचं जहाज कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन पोचलं. तीन महिन्यांहून जास्त प्रवास, माई. आणि त्यांना उजेडात पोचायचं की अंधारात, हे कोणी विचारलं नव्हतं.

रस्त्यावर डबल्स खाल्ले. हळदीचे दोन मऊ तळलेले वडे, मधे छोले, वर मिरचीची चटणी. उभ्याने, कागदात, चटणी किती ते आधीच सांगायचं. विकणारी पोरगी मला म्हणाली, आंटी, स्लाइट की मीडियम? म्हटलं घाल गं भरपूर, रत्नागिरीची आहे मी. तिला काय कळणार. जावयाने 'स्लाइट' घेतलं आणि तरी डोळ्यांतून पाणी. त्याची तर आणखी एक गंमत आहे, सासूला सांगायची नाही म्हणून लेकीने सांगितलेली, पण ती उद्या. तुमच्या गॅसवर काहीतरी करपतंय, आधी ते बघा.